पाणी नको म्हणणाऱ्या आजींसाठी : कृषी पर्यटन करणाऱ्या शेतकऱ्यांना खुले पत्र

शेतकरी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्याखाली आमची साडेसहा एकर जमीन आहे. द्राक्षं, कांदा, हुरड्यापुरती ज्वारी, दोन गायी, चार शेळ्या. याच जमिनीवर नऊ वर्षांपासून आम्ही कृषी पर्यटन केंद्र चालवतो. अलीकडे केंद्र पाहायला पाहुण्यांपेक्षा शेतकरीच जास्त येतात. कुणी नाशिककडचे, कुणी सांगलीकडचे, कुणी मराठवाड्यातले. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. खोल्या किती बांधायच्या? पोहण्याचा तलाव हवाच का? कर्ज किती काढू? मी जमेल तशी उत्तरं देते. पण या नऊ वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही की ताई, तुमचा संडास कुठे आहे आणि तिथवर जायला पायऱ्या किती आहेत. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

आमचं दुसरंच वर्ष होतं. जानेवारीतला रविवार, हुरड्याचा भर. ठाण्याहून एक कुटुंब आलं, नऊ माणसं. त्यांत एक आजी होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात चार पायांचा वॉकर. लेक आणि नातवाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आंब्याखाली आणून बसवलं. आजी माहेरच्या शेतातल्या गोष्टी सांगत होत्या. आगटीतून निघालेलं कणीस हातावर चोळून दाणे कसे काढायचे ते त्यांनी नातवंडांना शिकवलं. मी दोन-तीनदा पाण्याचा तांब्या घेऊन गेले. दर वेळी त्या म्हणाल्या, "नको बाई, पाणी नको." ताकही नको, चहाही नको. मला वाटलं, वयोमानाने तहान कमी झाली असेल. संध्याकाळी गाडीत बसताना त्यांच्या सुनेने मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "त्यांनी सकाळपासून घोटभरही पाणी प्यायलं नाही. तुमचा संडास गोठ्यामागे आहे, तीन पायऱ्या आहेत, आणि आत खाली बसायचं भांडं आहे. पाणी प्यायलं तर जावं लागेल म्हणून."

त्या रात्री मला झोप आली नाही. पाहुण्याला पाणी विचारणं हा आपल्याकडचा पहिला शिष्टाचार. आणि माझ्या अंगणात एक म्हातारी बाई दिवसभर तहानलेली बसून राहिली, ती माझ्या बांधकामामुळे. ते कुटुंब परत आलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही, वाईट शब्द लिहिला नाही. फक्त आलं नाही.

सहलीला कुठे जायचं हे शहरातल्या घरांत कसं ठरतं, ते मला तेव्हापासून उमगत गेलं. मुलांना बैलगाडी हवी असते, आईवडिलांना निवांतपणा हवा असतो. पण जागा ठरते ती आजीच्या गुडघ्यांवर. आजीला जमणार नसेल तर दोन गोष्टी होतात. एक तर सगळे घरी बसतात, नाहीतर आजीला घरी ठेवून निघतात आणि कुणीतरी एक तिच्यासाठी मागे राहतो. आमच्या तालुक्यात अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत. ओझरला डोंगर चढावा लागत नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत. पायथ्याशी गाडीचं दार उघडं टाकून, वर गेलेल्यांची वाट बघत बसलेल्या किती आज्या-आजोबा मी पाहिल्या आहेत. डोंगर देवाचा आहे, तो आपल्याला हलवता येत नाही. आपलं शेत मात्र आपल्या हातात आहे.

आता पैशाचं बोलते, कारण तुम्ही धंद्यासाठी विचारता आणि ते बरोबरच आहे. कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला कुणी पुण्यकर्म सांगू नये.

कृषी पर्यटनाचं खरं दुखणं कोणतं? वर्षात शनिवार-रविवार धरले तर दिवस होतात १०४. त्यांतून ऐन पावसाचे, परीक्षांचे, लग्नसराईचे वजा केले की गर्दीचे दिवस साठ-सत्तर उरतात. त्या दिवसांत माणसं पुरत नाहीत, भाकरी थापणाऱ्या बायांचे हात थांबत नाहीत. आणि सोमवार ते शुक्रवारचे २६० दिवस? खोल्या बंद, चुली थंड, पण कर्जाचा हप्ता, विजेचं बिल आणि गड्याचा पगार चालूच. नव्या खोल्या बांधल्या की रविवारचे पाहुणे थोडे वाढतात, बुधवार मात्र रिकामाच राहतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी उलटं विचारते : तुमच्याकडे बुधवारी कोण येणार?

बुधवारी येतात ते ज्येष्ठ नागरिक संघ. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, कुठल्याही शहरात बघा, जवळपास प्रत्येक वस्तीत असा संघ आहे. त्यांना सुट्टीची वाट बघावी लागत नाही. उलट त्यांना गर्दीचा दिवस नकोच असतो. बुधवारी विशेष मुलांच्या शाळा येतात, अंध मुलांची वसतिगृहं येतात, कर्णबधिर मुलांचे वर्ग येतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा मोजणीत अपंगत्वाचे प्रकार कमी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. या प्रत्येक माणसाला घर आहे, भावंडं आहेत, मित्र आहेत. हे सगळे सहलीला कुठे जातात? बहुतेक कुठेच जात नाहीत, कारण कुठे जाता येईल हे त्यांना ठाऊक नसतं.

आमचा हिशेब उघड सांगते. त्या आजींनंतर दीड वर्षाने आम्ही जुना संडास पाडला आणि जेवणाच्या पडवीला लागून नवा बांधला. त्यासोबत पार्किंगपासून गोठ्यापर्यंतची वाट पक्की केली. दोन्हींना मिळून १ लाख ४५ हजार लागले. ज्येष्ठांच्या दिवसभराच्या सहलीला आम्ही माणशी ७०० रुपये घेतो. नाश्ता, जेवण, चहा, मजुरी, सगळा खर्च साधारण ४२० येतो. माणशी २८० राहतात, चाळीस जणांचे ११,२००. तेरा सहलींत ती रक्कम निघून आली, आणि तेरा सहली व्हायला एक हंगामही पूर्ण लागला नाही. शिवाय ही मंडळी जाताना खरेदी करतात. तरुण पोरं फोटो काढून जातात. आजी-आजोबा मात्र कांदा, घेवडा, हातसडीचा तांदूळ, लोणचं, गावरान अंडी पिशव्या भरभरून नेतात आणि पुढच्या महिन्यात फोन करून विचारतात, "शेंगा निघाल्या का?" व्यापाऱ्याने पाडलेल्या भावापेक्षा ही विक्री मला कितीतरी मोलाची वाटते.

बांधकाम काढण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं अशी माझी फार इच्छा आहे. कारण जे आम्हाला पाडून करावं लागलं, ते तुम्हाला पहिल्याच वेळी जवळपास त्याच खर्चात होईल. तीन फुटी दार आणि अडीच फुटी दार यांच्या किमतीत फार फरक नसतो. बसवलेलं दार काढून भिंत फोडायला मात्र गवंडी पुन्हा बोलवावा लागतो.

उताराचं गणित प्रत्येक गवंड्याला पाठ हवं : एकास बारा. सहा इंच चढायचं असेल तर उतार सहा फूट लांब. आपल्याकडे हौसेने जोतं दीड फूट उचलतात. मग अठरा फुटांचा उतार लागतो, आणि तेवढी जागा नसली की गवंडी तीव्र घसरगुंडी करून देतो. तिच्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, आणि उतरताना माणूस पडतो. असा उतार नसलेला बरा. त्यापेक्षा जोतंच कमी ठेवा आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी चांगली नाली काढा.

संडास-न्हाणीघरात चाकाची खुर्ची वळायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. दार बाहेर उघडणारं करा. आतला माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं आणि मदतीला कुणाला शिरता येत नाही. कमोड बसायच्या खुर्चीइतका, अठरा-एकोणीस इंच उंच असावा. शेजारी धरायला दांडा हवा, आणि तो विटांच्या भिंतीत पक्का बसवलेला हवा. पत्र्याच्या किंवा प्लायच्या भिंतीत ठोकलेला दांडा हातात येतो, आणि त्यावर विश्वास टाकलेला माणूस खाली येतो. फरशी खरखरीत घ्या. पॉलिश केलेली शहाबादी ओली झाली की तिच्यावर धडधाकट माणूसही घसरतो.

उंबऱ्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात यावरून महिनाभर बोलणं चाललं होतं. नव्या खोल्यांना उंबरा नको असं मी म्हटलं, तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. उंबऱ्याशिवाय घर कसलं? हळदीकुंकू कुठे वाहायचं, रांगोळी कुठे काढायची? त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं. पण दोन इंचांच्या उंबऱ्यालाही वॉकर अडतो, पाय न उचलणारा माणूस अडखळतो. शेवटी गावातल्या पाथरवटाने तोड काढली. उंबऱ्याच्या जागी काळ्या दगडाची एक पट्टी बसवली, फरशीच्या अगदी समपातळीत. सासूबाई रोज सकाळी तिच्यावर हळदीकुंकू वाहतात आणि चाकं तिच्यावरून सहज जातात. पहिल्यांदा एक मुलगी खुर्चीवरून स्वतःच्या हाताने चाकं फिरवत आत आली, तेव्हा सासूबाईंनीच तिचं औक्षण केलं.

सगळं शेत सपाट करायला जाऊ नका. तेवढा पैसाही नाही आणि तशी गरजही नाही. एकच वाट धरा : गाडी थांबते तिथून संडास, तिथून जेवणाची जागा, तिथून गोठा, तिथून एखादं पीक आणि एका मोठ्या झाडाची सावली. एवढी वाट कुणाचा हात न धरता पार करता आली पाहिजे. रुंदी किमान चार फूट, दोघांना शेजारून चालायचं तर पाच. मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा; नुसता ओतलेला मुरूम पहिल्या पावसात चिखल होतो आणि सुट्या खडीत चाक रुततं. दर शंभर पावलांच्या आत टेकायला बाक हवा, पाठ आणि हात असलेला. हात नसलेल्या बाकावरून उठणं गुडघेदुखीच्या माणसाला किती अवघड जातं ते घरातल्या थोरांना विचारा.

बैलगाडी हा पाहुण्यांचा जीव की प्राण. तिच्यात चढताना सर्वांत जास्त माणसं पडतात. आम्ही गाडीच्या साटीइतका उंच मातीचा ओटा केला, एका बाजूने लांब उताराचा, कडेला कठडा असलेला. गाडी ओट्याला लावली की माणूस समोरच्या समोर आत जातो. खर्च जवळपास काहीच नाही, घरचीच माती आणि चार दिवसांची मजुरी.

पंगत मलाही प्रिय आहे, पण प्रत्येक पंगतीशेजारी चार टेबलं मांडा, तीही त्याच पडवीत, त्याच रांगेत. खाली बसता न येणाऱ्यांना वेगळ्या खोलीत जेवायला बसवू नका. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवणाच्या वेळेवर फार अवलंबून असतं. मासवडीचा रस्सा झणझणीत हवाच, सोबत बेताच्या तिखटाची एक आमटी आणि मऊ भात ठेवा.

द्राक्षबागायतदारांना एक सांगायचं आहे. मांडवाच्या बागेत घड डोक्यावर लोंबतात, बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवलेल्या बागेत ते बरेच खाली येतात. आमच्याकडे अंध मुलांची एक शाळा येते, तिला आम्ही वायच्या प्लॉटमध्ये नेतो. पहिल्या वर्षी एका मुलाने घड दोन्ही हातांत तोलून धरला, प्रत्येक मण्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यांच्यावर पावडर कुणी लावली?" द्राक्षावर नैसर्गिक लव असते, मेणाच्या पातळ थराची, पांढरट, मऊ. तीस वर्षं बाग करणाऱ्या माझ्या यजमानांनी ती रोज पाहिली होती, पण बोटांना ती कशी लागते हे त्या मुलाने त्यांना दाखवलं. त्यानंतर आम्ही कंबरेइतक्या उंचीचे वाफे केले, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवून. त्यांत तुळस, ओवा, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता. पान चुरगाळायचं आणि ओळखायचं. डोळस मुलंही आता आधी तिकडेच धावतात. एक मात्र कटाक्षाने पाळा : फवारणी केलेल्या प्लॉटमध्ये पाहुणा न्यायचा नाही. स्पर्शाने आणि चवीने शेत पाहणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक फार महाग पडेल.

आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, हे तुम्ही ऐकून असाल. आम्ही ते लपवत नाही. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला कुणी जायचं नाही, वाटेवर दिवे, आणि मुक्कामाच्या खोलीला आतूनच संडास. रात्री बाहेर जावं लागणं हे जुन्नरमध्ये कुणाच्याच हिताचं नाही, मग गुडघे कसेही असोत.

बांधकामाला पैसे लागतात. खरं बोलायला लागत नाहीत. फोनवर कुणी विचारलं की व्हीलचेअर चालेल का, तर "हो हो, सगळी सोय आहे, आमची पोरं उचलून नेतील" असं म्हणू नका. मोठ्या माणसाला पोत्यासारखं उचलून नेणं ही सोय नव्हे. दाराची रुंदी इंचांत सांगा, पायऱ्या किती ते सांगा, वाटेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवा. जे नाही ते नाही म्हणा. आमच्या शेततळ्यापर्यंत वाट नाही, हे मी आधीच सांगते. त्यामुळे कुणी यायचं थांबलं असं झालेलं नाही. आणि गडीमाणसांना, घरातल्या पोरांना एक सवय लावा : आधी विचारायचं, मग हात लावायचा. अंध माणसाला ओढायचं नाही, आपला कोपर पुढे करायचा. बोलायचं ते त्याच्याशी, सोबतच्या माणसाशी नाही. मदतनीस म्हणून आलेल्याकडून आम्ही फक्त जेवणाचे पैसे घेतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या. नोंदणीचा कागद बँकेत आणि शाळांकडे दोन्हीकडे उपयोगी पडतो. अन्नपदार्थांची नोंदणी वेगळी करावी लागते. जेवण-मुक्कामाची कमाई आयकरात शेतीचं उत्पन्न धरली जात नाही, तेव्हा तिची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. पाहुण्यांच्या अपघाताचा विमा उतरवा. आणि नोंदणीकृत केंद्रांच्या यादीत दाराची रुंदी, पायऱ्या, संडासाचा प्रकार यांचा एक रकाना असावा, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून शासनाकडे करू. यादी बघून घरबसल्या ठरवता आलं तर किती घरांचा मार्ग मोकळा होईल.

नेरळची सगुणा बाग असो किंवा बारामतीजवळच्या पळशीवाडीचं केंद्र, ज्यांनी आपल्या राज्यात ही वाट पाडली त्यांनी शेत दाखवलं, हॉटेल नाही. आमच्या जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं गेलं, तेव्हापासून रस्त्याकडेला खोल्या भराभर उभ्या राहताना मी पाहते आहे. कर्ज काढून पाण्याच्या घसरगुंड्या बांधलेले शेतकरी मला भेटतात, त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला ओळखीची आहे. आमच्यावरही ती वेळ येत होती. तलावाचं अंदाजपत्रक तयार होतं, सहा लाखांचं. ते बाजूला ठेवून आम्ही संडास बांधला.

तुमचा आराखडा कागदावर असेल, जोत्याची आखणी व्हायची असेल, तर त्याआधी एकदा कुणाच्या तरी चाकाच्या खुर्चीत बसून तुमच्या जागेवरून फिरून पाहा. गावात कुणाकडे नसेल तर आमच्याकडे दोन आहेत. मंगळवारी आमच्याकडे पाहुणे नसतात. मोजपट्टी, वही आणि जमलं तर तुमच्या गवंड्याला घेऊन या. घरात आई किंवा आजी असेल तर तिलाही आणा. आल्या आल्या तिला पाणी देईन आणि संडास कुठे आहे तेही सांगेन.

आपली,
जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी